ऐकले, की कळले?

गेल्या हिवाळ्यात आम्ही सारे उमराहला निघालो. वाकडच्या घरातून बॅगा उतरवताना अम्मींच्या औषधांची पिशवी दोनदा तपासली, शेजाऱ्यांनी गळाभेट घेतली, दुआ सांगितल्या आणि गाडी महामार्गाला लागली. विमानात बसून सफरची दुआ पढून झाली, पट्टे बांधून झाले, विमान हलले. थोडे पुढे गेले आणि थांबले. दहा मिनिटे झाली, वीस झाली, चाळीस झाली. मग कॅप्टनचा आवाज आला. एटीसीच्या परवानगीची वाट पाहत आहोत, असे ते म्हणाले.

अब्बा वैतागून म्हणाले, "हा एटीसी कोण आहे? त्याला एकदा फोन करून विचारा ना, किती वेळ लागणार ते."

परत आल्यावर हा किस्सा आम्ही भाच्याला सांगितला. तो बी.एस्सी. झाला आहे आणि एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेची तयारी करायला आमच्याकडे वाकडला राहतो. तो पोट धरून हसला. म्हणाला, "मामू, नानांना सांगा, तिथे फोन नसतो, रेडिओ असतो. आणि एकाच रेडिओवर सगळी विमाने असतात. वैमानिकसुद्धा आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेला असतो."

त्या दिवसापासून आमच्या घरात या विषयावर बरेच बोलणे झाले. आपल्यापैकी किती घरांतली माणसे आखातात नोकरीला आहेत, दर वर्षी किती जण हज-उमराहला जातात. त्या सगळ्यांचा जीव प्रवासात काही तास एका संभाषणावर टांगलेला असतो. ते संभाषण कसे चालते, कुठे अडते आणि त्यातून आपण काय शिकावे, हे वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

एका वेळी एकच बोलणार

आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या हातात वॉकीटॉकी असतो. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. बोलत असताना समोरचे ऐकू येत नाही. विमानाचा रेडिओ याच पद्धतीने चालतो. विमाने साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात बोलतात आणि आकाशाच्या एका भागासाठी एक फ्रिक्वेन्सी ठरलेली असते. त्या भागातली सगळी विमाने आणि जमिनीवरचा नियंत्रक त्याच एका फ्रिक्वेन्सीवर असतात.

अडचण इथेच सुरू होते. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर दोघांचेही बोलणे बिघडते आणि ऐकणाऱ्यांच्या कानात नुसती शिट्टी वाजते. बोलणाऱ्या दोघांना मात्र याचा पत्ता नसतो. त्यांना वाटते, आपला निरोप पोहोचला. कधी कुणाचे बटण अडकून राहते आणि संपूर्ण फ्रिक्वेन्सी बंद पडते. कधी एखादा वैमानिक लांबण लावतो आणि तातडीचे सांगायचे असलेला दुसरा ताटकळतो. मुंबईसारख्या विमानतळावर दिवसाला नऊशेहून अधिक विमाने चढतात-उतरतात, तीही एका वेळी एकच धावपट्टी वापरून. तिथे रेडिओवर दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसते.

या रेडिओत अजून जुनी एएम पद्धतच का ठेवली आहे, असे आम्ही विचारले. त्याचे कारण ऐकून आम्ही चकित झालो. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो आणि कमजोर आवाजाचा माणूस बोलला होता हेच कळत नाही. एएममध्ये निदान शिट्टी तरी वाजते. नियंत्रकाला समजते की कुणीतरी आणखी बोलले, त्याला परत विचारायला हवे.

चरखी दादरीची ती संध्याकाळ

शब्द नीट न पोहोचण्याची किंमत आपल्या देशाने फार मोठी मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ. सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ विमान दिल्लीहून दहरानकडे निघाले. त्यात ३१२ माणसे होती आणि त्यांतले पुष्कळ जण आखातात मजुरी-नोकरीसाठी जाणारे आपले भारतीय होते. त्याच वेळी कझाकस्तानचे इल्यूशिन विमान ३७ जणांना घेऊन चिमकेंतहून दिल्लीकडे उतरत होते.

तेव्हा दिल्लीत येण्या-जाण्याचा मार्ग जवळपास एकच होता. नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर. मधे हजार फुटांचे अंतर. समोरून विमान येत आहे, ते किती मैलांवर आणि किती उंचीवर आहे, हेही नियंत्रकाने कझाक विमानाला रेडिओवरून सांगितले. पुढच्या काही क्षणांत हरियाणातील चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे गेली, एकही वाचले नाही. हवेतल्या हवेत दोन विमानांची टक्कर होऊन झालेली ही जगातली सर्वांत मोठी जीवितहानी आहे.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत दिसले की कझाक विमान ठरवून दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरले होते. असे का झाले याचा शोध घेताना संभाषणाचा मुद्दा पुढे आला. त्या विमानात इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटर करत होता. त्याच्यासमोर उंची दाखवणारे स्वतःचे यंत्र नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला काटे पाहावे लागत. वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. शिवाय त्यांच्या देशात उंची मीटरमध्ये मोजण्याची सवय आणि इथे सगळे फुटांत. नियंत्रकाचे वाक्य आधी ऑपरेटरच्या कानात, मग त्याच्या भाषेत, मग वैमानिकाच्या हातात असा प्रवास करत होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकाला रडारवर विमानाचा ठिपका दिसत होता, पण त्याची उंची दिसत नव्हती. उंचीबाबत वैमानिक जे सांगेल तेच खरे धरावे लागत होते. म्हणजे शेकडो जिवांची मदार केवळ बोललेल्या शब्दावर होती.

या अपघातानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. उंची दाखवणारे रडार वापरात आले. दुसरे विमान जवळ आले की वैमानिकाला सावध करणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीची पातळी ठरवली आणि ५ मार्च २००८ पासून तो नियम लागू केला. सहा पातळ्या आहेत आणि किमान चौथी गाठावीच लागते. चौथीवाल्याला ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. भाषा गंजते, हे त्यांनी मान्य केले आहे.

आकड्यांचा घोळ

भाषा येत असली तरी घोळ होतो. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी सिंगापूरहून क्वालालंपूरला जाणारे फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू विमान उतरण्याच्या तयारीत होते. नियंत्रकाला सांगायचे होते, २४०० फुटांपर्यंत खाली या. तो म्हणाला, "टू फोर झीरो झीरो." इंग्रजीत 'टू' म्हणजे दोनही आणि 'पर्यंत'ही. वैमानिकांना ऐकू आले, ४०० पर्यंत या. त्यांनी उलट उत्तर दिले त्यातही ४०० होते, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही. विमान टेकडीवर आदळले, चारही कर्मचारी गेले. दोन्ही बाजूंना इंग्रजी उत्तम येत होते.

आपल्या मराठीतही एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फोनवर गफलत होतेच. म्हणून आपण मोबाइल नंबर सांगताना एकेक आकडा सुटा सांगतो. विमानातही तसेच करतात. नऊला 'नाइन' न म्हणता 'नाइनर' म्हणतात, तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ'. आमच्या धाकटीला हे फार आवडले. आता ती घराचा नंबरही याच थाटात सांगते.

काही शब्दांचे अर्थही पक्के बांधलेले आहेत. सिनेमात ऐकतो तो 'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की तुमचे बोलणे मला मिळाले. होकारासाठी 'अफर्म' आणि नकारासाठी 'निगेटिव्ह' म्हणतात. 'स्टँडबाय' म्हणजे थांबा. त्यात परवानगीही नाही आणि नकारही नाही. सांगितलेले जमत नसेल तर वैमानिकाने स्पष्ट 'अनेबल' म्हणायचे असते. संकोचाला तिथे जागा नाही.

'ओके' या एका शब्दाचे ओझे

विमान इतिहासातला सर्वांत भीषण अपघात तर जमिनीवरच झाला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दाट धुके होते. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटल्याने अनेक विमाने इकडे वळवली होती. सगळे तासन्‌तास खोळंबलेले, सगळे घाईला आलेले. धावपट्टीच्या एका टोकाला डच कंपनी केएलएमचे विमान उभे होते आणि त्याच धावपट्टीवर धुक्यात पॅन अ‍ॅमचे विमान पुढे सरकत होते.

केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितले की आम्ही आता उड्डाणावर आहोत. उड्डाणासाठी उभे आहोत की उड्डाण सुरू केले आहे, हे त्यातून कळत नव्हते. नियंत्रक आधी 'ओके' म्हणाला, मग थांबायला सांगितले. नेमके त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकाने बटण दाबून सांगितले की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकावर एक पडले. केएलएमच्या वैमानिकांना 'ओके' ऐकू आले आणि पुढे शिट्टी. ५८३ माणसे गेली.

त्यानंतर नियम झाला. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसते 'ओके' किंवा 'रॉजर' हे उत्तर चालणार नाही. सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची.

लुकमा

परत म्हणून दाखवण्याची ही पद्धत आपल्याला नवी नाही. मकतबमध्ये उस्ताद सबक देतात आणि मूल दुसऱ्या दिवशी तो ऐकवते. उस्तादांनी सांगितले एवढ्याने सबक पुरा होत नाही. मुलाने बिनचूक ऐकवला की पुरा होतो. तरावीहमध्ये तर याहून सुंदर व्यवस्था आहे. इमामसाहेब पढत असतात आणि मागे पहिल्या सफमध्ये दुसरे हाफिजसाहेब कान देऊन ऐकत असतात. कुठे चूक झाली, एखादी आयत सुटली, की ते लगेच लुकमा देतात आणि इमामसाहेब दुरुस्त करून पुढे जातात. त्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट लुकमा न देणे हीच कसूर ठरते.

रेडिओवर वैमानिक सूचना परत म्हणतो आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची असते. चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. क्वालालंपूरला वैमानिकाने चुकीचा आकडा परत म्हटला होता, पण लुकमा देणारा कान त्या क्षणी जागा नव्हता. भाच्याचे म्हणणे असे, की सांगणे सोपे असते, पण आपण काय सांगितले ते समोरच्याच्या तोंडून पुन्हा ऐकण्याचा धीर ठेवणे हे या नोकरीतले खरे अवघड काम आहे.

हजरत अनस (रजि.) यांच्या हवाल्याने बुखारी शरीफमध्ये आले आहे की प्रेषित (स.) एखादी बाब लोकांना नीट कळावी म्हणून ती तीन वेळा सांगत. आणि सूरह हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान होईल आणि मग पस्तावावे लागेल. या शिकवणी आपण वाज-बयानात ऐकतो. विमानवाल्यांनी त्या कामाच्या शिस्तीत बसवल्या आहेत, एवढे मात्र खरे.

समुद्रावरचा आवाज

मुंबईहून जेद्दाहला जाताना खाली अरबी समुद्र येतो. नेहमीचा रेडिओ सरळ रेषेत चालतो, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे पोहोचत नाही. उंचावरच्या विमानाला तो साधारण साडेतीनशे किलोमीटरपर्यंत साथ देतो. पुढे समुद्रावर एचएफ रेडिओ वापरतात. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून दूरवर जातात. पण आवाज असा येतो की जणू पावसात पत्र्याच्या शेडखाली कुणी बोलत आहे. खरखर, शिट्ट्या, मधेच दुसऱ्याच देशाचा आवाज. शिवाय तिथे वैमानिक थेट नियंत्रकाशी बोलत नाही. रेडिओ ऑपरेटर निरोप घेतो आणि पुढे देतो. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा मोठ्या जमातीत मुकब्बिर मागच्या सफांपर्यंत तकबीर पोहोचवत, तसेच हे. मुकब्बिर चुकला की मागच्या सगळ्या सफा चुकणार.

आता मुंबईसह काही केंद्रांवर लेखी संदेशाची सोय आहे. सूचना विमानातल्या पडद्यावर अक्षरांत उमटते आणि वैमानिक बटण दाबून उत्तर देतो. त्यामुळे त्रास बराच कमी झाला आहे. तरी रेडिओ सुटलेला नाही. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी जेट एअरवेजचे मुंबईहून लंडनला निघालेले विमान जर्मनीवर असताना त्याचा संपर्क तुटला. जमिनीवरून हाका येत होत्या, उत्तर नव्हते. शेवटी जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने त्याच्या बाजूला येऊन उडू लागली. थोड्या वेळाने संपर्क जुळला आणि विमान सुखरूप लंडनला उतरले. आतल्या प्रवाशांच्या जागी आपली माणसे होती असे समजून पाहा.

अडचण असेल तर अडचण म्हणा

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या अव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्ककडे जाताना वाटेत एकूण तासाहून अधिक वेळ घिरट्या घालत होते, कारण खराब हवामानामुळे उतरायला जागा मिळत नव्हती. इंधन संपत आले. सहवैमानिकाने रेडिओवर इंधन कमी असल्याचे सांगितले, आम्हाला आधी उतरू द्या अशा अर्थाचा शब्दही वापरला. पण 'इमर्जन्सी' हा शब्द काही उच्चारला नाही. नियंत्रकांना वाटले, इतर विमानांसारखीच यांचीही घाई आहे. इंजिने बंद पडून विमान कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण गेले.

हे वाचताना आम्हाला आपल्या घरातल्या बायका आठवल्या. छातीत कळ येत असते आणि त्या म्हणतात, "काही नाही, जरा गॅस झालाय." सून आठवडाभर तापाने फणफणलेली असते आणि विचारले तर "ठीक आहे." वडीलधाऱ्यांना त्रास नको म्हणून मुलगा नोकरी गेल्याचे चार महिने सांगत नाही. सबर चांगला, पण मदत मागायच्या वेळी शब्द गिळणे म्हणजे सबर नव्हे. ज्या शब्दाने समोरचा धावत येईल, तो शब्द उच्चारलाच पाहिजे. आणि ऐकणाऱ्यानेही 'जरा'च्या मागे काय आहे ते विचारले पाहिजे.

मुलामुलींसाठी

हे काम आपल्या मुलामुलींनी करण्यासारखे आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण ज्युनियर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल) या पदासाठी जाहिरात काढते. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेले किंवा इंजिनिअरिंगचे पदवीधर अर्ज करू शकतात. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी होते. बोलणे स्पष्ट आहे का, अडखळते का, हे पाहतात. प्रशिक्षण केंद्रांपैकी एक आपल्याच महाराष्ट्रात गोंदियाला आहे, मुख्य महाविद्यालय प्रयागराजला. आपल्या जवळचा लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्याने तिथले नियंत्रण हवाई दलाकडे आहे. मुंबईसारख्या नागरी विमानतळांवर मात्र प्राधिकरणाचे नियंत्रक बसतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीला घाबरू नये. तिथे सोपे, स्पष्ट, मोजके इंग्रजी लागते आणि ते सरावाने येते. वय आणि पात्रतेच्या अटी मात्र प्रत्येक जाहिरातीत नीट वाचून घ्याव्यात.

पंधरा की पन्नास?

या सगळ्याचा उपयोग आम्हाला घरातच झाला. रमजानच्या आधी अम्मींची साखर वाढली आणि डॉक्टरांनी नवे इन्सुलिन सुरू केले. किती युनिट द्यायचे ते संध्याकाळी दवाखान्यातून फोनवर कळवले. मागे प्रेशर कुकरची शिट्टी, खाली चौकातले हॉर्न, त्यात फोन तुटत होता. आम्ही ऐकले, "फिफ्टी." कॅलेंडरवर लिहून टाकले, ५०. "ओके, शुक्रिया," म्हणून फोन ठेवला.

भाचा पुस्तकातून डोके वर करून म्हणाला, "मामी, परत म्हणून दाखवलंत का?"

आम्हाला जरा रागच आला. पण अम्मींच्या खोलीकडे पाहिले आणि फोन पुन्हा लावला. तो लागायला वीस मिनिटे गेली. भाच्याने विचारले, "वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो?"

"वन-फाइव्ह. पंधरा," पलीकडून उत्तर आले.

अल्हम्दुलिल्लाह. कॅलेंडरवरचा तो ५० आम्ही खोडला नाही, शेजारी मोठ्या अक्षरांत १५ लिहिले. महिना उलटला तरी ते पान फाडायला हात धजला नाही.

तेव्हापासून घरात काही नियम झाले आहेत. औषधाचे प्रमाण फोनवर ऐकले तर एकेक आकडा सुटा करून परत म्हणायचा आणि शक्य तिथे मेसेजवर लिहून मागायचे. पैसे पाठवताना खाते क्रमांक वाचून दाखवायचा. मुलांना निरोप दिला की "काय सांगशील?" असे विचारायचे. आणि कुणी लुकमा दिला तर रुसायचे नाही.

अब्बांचा वैतागही ओसरला आहे. पुढच्या वेळी विमान थांबले तर काय कराल, असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, "तस्बीह काढीन आणि त्या एटीसीवाल्या पोरासाठी दुआ करीन. म्हणेन, या अल्लाह, त्याचा कान जागा ठेव."

आमीन.